आईला कृष्णेच्या उगमाशी नेलं तेव्हा

आईचं माहेर सांगलीचं. घाटावर कपडे धुणं, पोहायला शिकणं, पूर आला की माळ्यावर धान्य चढवणं, सगळं कृष्णेच्या काठी झालेलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा ती इथे पुण्यात टीव्हीसमोरून हलली नव्हती. मामाचं घर पाण्यात होतं. पाणी ओसरल्यावर म्हणाली, "एवढी मोठी होते, ती निघते कुठून ते एकदा बघायचंय मला." तेव्हापासून हे राहिलंच होतं. आता ती 79 वर्षांची आहे, दोन्ही गुडघे दुखतात. गेल्या जानेवारीत ठरवलं, आणखी पुढे ढकलायचं नाही.

महाबळेश्वर पुण्याहून जेमतेम 120 किलोमीटर. लहानपणापासून चार-पाच वेळा गेलेय मी, पण प्रत्येक वेळी गाडी करून, पॉइंट मोजत, घोड्यावर एक फोटो काढून परत. आईबरोबर जायचं म्हणजे सगळा बेत वेगळा करावा लागणार होता. आधी शनिवार-रविवार बाद केले. मंगळवारी निघून गुरुवारी परत यायचं ठरलं. शनिवार-रविवारी पसरणी घाटात गाड्यांची रांग लागते आणि दुखरे गुडघे वाकवून तासन् तास बसणं तिला झेपणारं नाही.

गाडी न करता एसटीने गेलो. आईला वळणावर कारमध्ये मळमळतं आणि एसटीत पुढच्या सीटवर बसलं की होत नाही, हे कारण. दुसरं म्हणजे 75 वर्षांवरच्यांना 2022 पासून एसटीचा प्रवास मोफत आहे आणि 2023 पासून बायकांना निम्मं तिकीट. स्वारगेटला कंडक्टरने आईचं आधार कार्ड पाहिलं आणि शून्य रुपयांचं तिकीट फाडून हातात दिलं. ते तिने चष्म्याच्या घरात जपून ठेवलं. पिशवीत आलेपाक, थर्मास, गुडघ्याचे पट्टे आणि मोज्यांचे तीन जोड. मोज्यांचं पुढे सांगते, ते फार उपयोगी पडले.

शिरवळला नीरा ओलांडली, खंबाटकी चढलो, सुरूर फाट्याला हायवे सोडला. वाईच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली. वाई सुटल्यावर पसरणी घाटात गाडी चढायला लागली की डाव्या-उजव्या खिडक्यांतून आळीपाळीने खालचं खोरं दिसतं. वाईचे देवळांचे कळस, हिरवे-पिवळे तुकडे, आणि लांब धोम धरणाचं पाणी. मी म्हटलं, "आई, ही तुझी कृष्णा." ती खिडकीला कपाळ टेकवून बघत राहिली. पाचगणी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

मुक्कामाचा मात्र त्रास झाला. फोनवर मी दोनदा बजावलं होतं, खोली तळमजल्यावरच हवी, पायऱ्या चढणं शक्य नाही. हो हो म्हणाले. पोहोचलो तर खोली दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, तळमजला "आत्ताच गेला", आणि आगाऊ दिलेले पैसे परत मिळणार नाहीत. आई पायरीवर बसून होती आणि मला रडू यायचं बाकी होतं. पैसे सोडून दिले. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत एका घरगुती लॉजमध्ये अंगणातून थेट आत शिरता येईल अशी खोली मिळाली. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, पैसे पाठवण्याआधी खोलीच्या दारापर्यंतचा व्हिडिओ मागवा. बिछान्याचे फोटो सगळेच पाठवतात, दारापर्यंतच्या पायऱ्यांचे कुणी पाठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला टॅक्सी ठरवली. तिथे टॅक्सीच्या ठरलेल्या फेऱ्या असतात, महाबळेश्वर दर्शन, पाचगणी दर्शन, प्रतापगड दर्शन अशा. एका फेरीत दहा-बारा ठिकाणं असतात आणि प्रत्येक ठिकाणी पंधरा मिनिटं. मी चालकाला म्हटलं, "दादा, आम्हाला सगळे पॉइंट नकोत. आधी क्षेत्राला न्या आणि तिथे आजींना हवं तेवढा वेळ बसू द्या." तो भला माणूस होता. म्हणाला, "ताई, मी क्षेत्रातलाच. आजींना निवांत बसू दे."

क्षेत्र महाबळेश्वर, म्हणजे जुनं महाबळेश्वर, बाजारपेठेपासून पाच-सहा किलोमीटरवर. ज्याला आपण आज महाबळेश्वर म्हणतो ते इंग्रजांनी वसवलेलं गाव आहे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी 1829 च्या सुमाराला साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा घेतली, बदल्यात खंडाळा गाव दिलं, आणि नव्या वस्तीला नाव पडलं माल्कम पेठ. पुढे हे मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांचं उन्हाळ्याचं ठाणं झालं. त्याआधी शेकडो वर्षं लोक इथे यायचे ते मात्र देवासाठी आणि नद्यांसाठी. आम्हीही त्यासाठीच आलो होतो.

पंचगंगेचं देऊळ काळ्या दगडाचं, ठेंगणं. आत शिरलं की आधी पाण्याचा आवाज येतो आणि मग डोळे अंधाराला सरावतात. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री अशा पाच नद्यांचे झरे भिंतीत वेगवेगळे दाखवलेले आहेत, ते एकत्र होऊन गोमुखातून कुंडात पडतात. सरस्वती आणि भागीरथीचेही झरे मानतात. भागीरथी बारा वर्षांनी आणि सरस्वती साठ वर्षांनी प्रकटते अशी श्रद्धा आहे. जानेवारीच्या सकाळी त्या फरशीवर अनवाणी पाय टेकवत नाही. मोजे इथे कामाला आले. दोन जोड भिजले, तिसरा घालून घरी आलो.

आईने कठड्याला धरून वाकून गोमुखाखाली हात धरला. धार मनगटाएवढी. ते पाणी तिने डोळ्यांना लावलं, मग ओंजळ भरून धरली. बोटांच्या फटींतून निथळत होतं तरी सोडेना. म्हणाली, "ओंजळीत मावते गं." तिच्या हातांवरच्या शिरा निळ्या झाल्या होत्या गारठ्याने. मी हात पुसायला पदर पुढे केला, तर नको म्हणाली.

तिथून महाबळेश्वराच्या देवळात गेलो. स्वयंभू लिंग आहे, रुद्राक्षासारखं खडबडीत. याच क्षेत्री शिवाजी महाराजांनी 1665 मध्ये जिजाऊंची सुवर्णतुला केली, असं सांगतात. आईने तिथे माझा हात धरला. त्या जागी आपल्या आईला घेऊन उभं राहणं ही साधी गोष्ट नाही, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं.

पण खरी जागा म्हणजे थोड्या अंतरावरचं कृष्णाबाईचं देऊळ. बहुतेक गाड्या पंचगंगेवरूनच परत फिरतात आणि हे बघायचं राहून जातं. शेवाळलेले दगडी खांब, आत शिवलिंग, आणि बाहेर दगडी गोमुखातून कुंडात पडणारं कृष्णेचं पाणी. कुंडाच्या पलीकडे जमीन संपते आणि थेट कृष्णेचं खोरं उघडतं. आई ओट्यावर पाऊण तास बसली. एवढ्या वेळात फक्त एक कुटुंब येऊन गेलं. इथून निघालेलं पाणी वाई, कऱ्हाड, सांगली करत पुढे कर्नाटक, तेलंगणा, आंध्र ओलांडून सुमारे 1,400 किलोमीटरवर बंगालच्या उपसागराला मिळतं. आई तिला माहीत असलेले घाट पुटपुटत होती. वाई, माहुली, कऱ्हाड, औदुंबर, सांगली, नरसोबाची वाडी.

एवढ्याशा डोंगरावर इतक्या नद्या का, हे मी आधी वाचून गेले होते. या पठाराच्या माथ्यावर जांभ्या खडकाचा थर आहे. तो सच्छिद्र असतो. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातलं कितीतरी पाणी जांभ्यात जिरतं, आणि खालच्या काळ्या पाषाणातून सहज झिरपता येत नसल्याने कडेकडेने झरे होऊन बाहेर येतं. त्यातले काही झरे वर्षभर टिकतात. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे डोंगरच माठ आहे." मला याहून सोपं सांगता आलं नसतं.

क्षेत्राहून पुढचा रस्ता आर्थर सीटला जातो. शेवटपर्यंत चालणं आईला जमणार नव्हतं, म्हणून वाटेतल्या सावित्री पॉइंटपर्यंतच गेलो. खाली काळजात धस्स होईल एवढं खोल जावळीचं आणि कोकणाचं रान. पंचगंगेतच उगम मानलेली सावित्री इथून पश्चिमेला कोसळते आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. एका देवळातून निघालेल्या बहिणी, आणि त्यांचे समुद्र वेगळे. ज्यांच्या नावाने पुढचं आर्थर सीट आहे त्या आर्थर मॅलेट यांचं कुटुंब बाणकोटजवळच्या पाण्यात बुडालं आणि ते तिथे बसून सावित्रीकडे बघत राहायचे, असं चालकदादांनी सांगितलं. आईने ते ऐकून हात जोडले. का, ते मी विचारलं नाही.

दुपारनंतर मग केट्स पॉइंटला गेलो, तिथून धोम आणि बलकवडी या दोन्ही धरणांचं पाणी दिसतं. संध्याकाळी विल्सन पॉइंट. 1,439 मीटरवरचा हा इथला सगळ्यात उंच माथा, आणि तिथे गाडी अगदी वरपर्यंत जाते, गुडघेवाल्यांसाठी हीच जागा. वेण्णा तलावावर फार गर्दी होती, आम्ही उतरलो नाही. साताऱ्याच्या छत्रपती शहाजी, म्हणजे आप्पासाहेब महाराजांनी हा तलाव 1842 मध्ये बांधून घेतला, आणि हीच वेण्णा माहुलीला कृष्णेला मिळते, एवढं आईला गाडीतूनच सांगितलं. "मग भेटेल," म्हणाली.

तिसऱ्या दिवशी पहाटे आई लॉजवाल्या मावशींबरोबर गप्पा मारत बसली आणि मी एकटीने प्रतापगड करून आले. आंबेनळी घाटातून वीसेक किलोमीटर. गडाच्या पायऱ्या बऱ्याच आहेत, त्यामुळे आईला न्यायचा प्रश्नच नव्हता. भवानीचं दर्शन घेतलं, बुरुजावरून जावळीचं रान पाहिलं. 10 नोव्हेंबर 1659 ला अफजलखान याच रानात कसा उतरला असेल, हे वरून बघितल्याशिवाय समजत नाही. इतकी झाडी, इतक्या घळी, की मोठ्या फौजेला इथे वळायलाही जागा नाही. उतरताना पार गावाजवळ कोयनेवरचा जुना दगडी पूल पाहिला, शिवकाळातला मानतात. त्याचा फोटो काढला, कारण कोयना आईला दाखवायची राहिली होती.

परतीच्या वाटेवर भिलारला थांबलो. 2017 पासून हे पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत पुस्तकांची कपाटं, कुणीही बसून वाचावं. एका घराच्या ओटीवर आई तासभर वाचत बसली आणि त्या घरच्या वहिनींनी मला मागचं स्ट्रॉबेरीचं रान दाखवलं. काळ्या कागदाने झाकलेले गादीवाफे, त्याला भोकं पाडून लावलेली रोपं, आणि फळ कागदावर टेकलेलं, म्हणजे माती लागत नाही. फळ ओढायचं नाही, देठ नखाने खुडायचा, हेही शिकवलं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. रस्त्यावर क्रीम घातलेली खाण्यापेक्षा रानातली उन्हाने कोमट झालेली खाऊन बघा. चव वेगळी असते.

वाईला पुण्याची गाडी बदलायची होती, मध्ये सव्वा तास होता. आई म्हणाली, "घाटावर नेतेस?" रिक्षाने ढोल्या गणपतीपाशी गेलो. 1762 मध्ये रास्त्यांनी बांधलेलं देऊळ, समोर पायऱ्या, खाली कृष्णा. इथे तिचं पात्र चांगलं रुंद झालेलं. आई दोनच पायऱ्या उतरली, तिसरीवर बसली, आणि पाण्याकडे बघत ओंजळ पुढे धरली, रिकामीच. मग हात झाडून उठायला लागली.

"पुढच्या वेळी कऱ्हाडला," म्हणाली. "कोयना मिळते ना तिथे. फोटोत बघून नाही चालत."

स्वारगेटच्या तिकिटाशेजारी वाईचं तिकीटही चष्म्याच्या घरात गेलं.