होडी घ्यायचीय? मग छोटीच घ्या

खाडीतले फोटो टाकले की दोन-चार जण हमखास विचारतातच, की बोट घ्यायची आहे, किती फुटी घेऊ, इंजिन कुठलं घेऊ, आणि प्रत्येकाच्या डोक्यात आधीच एक चोवीस-पंचवीस फुटी बोट असते, वर छप्पर, बसायला गाद्या, मागे मोठं इंजिन. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकतो. मी रत्नागिरीचा, माझी होडी भाट्याच्या खाडीत, म्हणजे काजळी नदी समुद्राला मिळते तिथे आतल्या अंगाला असते, त्यामुळे जे सांगतोय ते इथल्या पाण्याचं आहे, बाकी किनाऱ्यावर थोडंफार इकडेतिकडे होईल.

माझी १६ फुटी फायबरची होडी आहे, मागे ९.९ हॉर्सपॉवरचं आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून अडकवायचं इंजिन. छप्पर नाही, केबिन नाही. मधल्या दोन फळ्यांखाली फोम भरलेला आहे, म्हणजे होडी पाण्याने भरली तरी बुडत नाही, तरंगत राहते, आणि घेताना ही एक गोष्ट मी हट्टाने करून घेतली होती. रिकामी होडी दोघांना पीव्हीसी पाइपच्या तुकड्यांवरून किनाऱ्यावर ओढता येते, इंजिन चाळीस किलोच्या आसपास, ते दोघं मिळून उचलून घरी आणतो. माझ्या मते सगळ्या गोष्टीचं मूळ इथेच आहे. जी होडी तुम्ही आणि अजून एक माणूस मिळून पाण्यात घालू शकता आणि बाहेर काढू शकता, तीच होडी तुम्ही वापरणार. ओळखीतल्या एकाची मोठी बोट आहे, सुंदर आहे, पण ती काढायची म्हटलं की चार माणसं गोळा करायची, त्यांच्या सुट्ट्या जुळवायच्या, आणि ती बाराही महिने पाण्यात बांधलेली असल्यामुळे तळाला कालवं आणि बार्नेकल इतके चिकटतात की अर्धा वेग तिथेच जातो. मग खरवडून घ्या, रंग द्या, पुन्हा खर्च. माझी होडी काम झालं की वर, गोड्या पाण्याने धुतली की मोकळी.

आता भरती-ओहोटीचं, कारण होडी चालवायला एका दिवसात शिकता येतं पण पाणी कळायला वेळ लागतो. भाट्याच्या खाडीचं तोंड गाळाने आणि वाळूने भरत चाललंय, खाडीकाठच्या राजिवड्याचे मच्छीमार किती वर्षं हे सांगतायत, आणि त्या वाळूच्या दांड्यावरून आत-बाहेर करणं हाच इथला खरा धोका आहे. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर येतंय आणि समोरून पश्चिमेची लाट आत येतेय, की दोन्ही एकमेकांवर आपटतात आणि लाट जागच्या जागी उभी राहून फुटते, बाहेरून बघताना ती फार मोठी वाटतही नाही, पण सोळा फुटी होडी आडवी करायला तेवढी बास आहे. त्यामुळे नियम एकच, आत यायचं ते भरतीच्या पाण्यावर. बाहेर किती मासे लागतायत, कोण काय म्हणतंय, काही बघायचं नाही.

भरतीची वेळ मोबाईलवर मिळतेच, पण आपल्याकडचा जुना हिशेब मला अजून जास्त सोयीचा वाटतो. तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. रत्नागिरीला प्रत्यक्षात मुंबईपेक्षा थोडी आधीच भरती होते, दक्षिणेला जाल तसं अजून आधी, पण ठरवायला एवढं पुरतं. आणि उधाणाला मुंबईत पाणी साडेचार-पाच मीटर चढ-उतार करतं तसं आपल्याकडे नसतं, साधारण निम्म्यावर येतं, तरी पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ओढ चांगलीच असते.

ह्या हिशेबात वारा घातला की महिन्यातले दिवस आपोआप निघतात. पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो, समुद्र तेलासारखा शांत. दहा-अकराच्या पुढे खारा वारा सुरू होतो आणि फेब्रुवारीनंतर तर दुपारचा वायव्येचा वारा असा काही धरतो की छोट्या होडीने बाहेर असूच नये. म्हणजे आपल्याला काय पाहिजे, तर उजाडताना निघायला तोंडावर चढतं पाणी आणि दहाच्या आत परत येताना भरलेली खाडी. म्हणजे पूर्ण भरती आठ ते साडेनऊच्या आसपास. म्हणजे एकादशी, द्वादशी, त्रयोदशी. महिन्यातून दोनदा हे तीन दिवस मिळतात, त्यातला रविवार कधी जुळतो कधी नाही जुळत, नाही जुळला तर मी खाडीतच राहतो, बाहेर जात नाही. (एकादशीला आमच्याकडे घरात मासे शिजत नाहीत, त्यामुळे त्या दिवशी मिळालेलं सगळं शेजारी जातं आणि शेजाऱ्यांना आता पंचांग माझ्यापेक्षा जास्त पाठ झालंय.)

सुरुवातीला राजिवड्याचे एक चाचा माझ्याबरोबर यायचे. पूर्ण आयुष्य ह्याच पाण्यात गेलेलं. तोंडाजवळ आलो की ते इंजिन हळू करायला सांगायचे आणि वल्हं उभं पाण्यात घालायचे, टोकाला वाळू लागली की मनगटाला कळतं, चिखल लागला की वेगळं कळतं. "फिशफाइंडर (खोली आणि मासे दाखवणारं यंत्र) राहू दे बाजूला, पावसानंतर दांडा सरकतो, दर सालची वाट नवी," असं म्हणायचे. आणि खरंच सरकतो, गेल्या साली जिथून निघालो तिथे ह्या साली कमरेएवढं पाणी असतं. ऑगस्टमध्ये होडी पहिल्यांदा घातली की मी गळ घेतच नाही, ओहोटीला किनाऱ्यावरून दांडा कुठे उघडा पडतो ते बघतो, मग भरतीला वल्हं घालत वाट शोधतो, तो दिवस पूर्ण त्याच्यातच जातो आणि जाऊ द्यावा.

ऑगस्ट म्हणालो कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, माशांचा विणीचा काळ आणि वर पावसाळी समुद्र. आमची होडी मेच्या शेवटच्या आठवड्यातच वर. तळाचं बूच काढून ठेवायचं, नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक थोडं उंच करून ठेवायचं म्हणजे आत पडलेलं पाणी मागून वाहून जातं, वरून झाप आणि ताडपत्री. इंजिनाचं मात्र नीट करावं लागतं. पिंपात गोडं पाणी भरून त्यात इंजिन उभं करून दहा मिनिटं चालवायचं, मागून पाण्याची बारीक धार सुटत असते ती सतत आणि जोरात आली पाहिजे, धार बारीक झाली म्हणजे आतलं पाणी खेचणारं रबरी चक्र, इम्पेलर, गेलं किंवा मीठ-वाळू अडकली. मग पेट्रोलचा पाइप काढून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं. हे हल्ली फारच महत्त्वाचं झालंय, कारण पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, कोकणच्या पावसाळ्यात दोन महिने ते पेट्रोल तसंच राहिलं तर खाली पाणी वेगळं होऊन बसतं आणि नारळी पौर्णिमेला तुम्ही दोरी ओढत बसता. टाकीत पेट्रोल ठेवूच नका, सरळ स्कूटरमध्ये ओतून संपवा, फक्त टू-स्ट्रोकवाल्यांचं ऑइल मिसळलेलं असतं ते कुठेही ओतू नका. आणि पेट्रोलच्या लाइनमध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर लावून घ्या. खालच्या बाजूला जस्ताचा एक तुकडा असतो, खारं पाणी इंजिनाच्या ॲल्युमिनियमऐवजी त्याला खातं, तो निम्मा झिजला की बदला आणि त्याच्यावर कधीही रंग देऊ नका, रंगाखाली गेला की त्याचा उपयोग संपला.

मासे. लोकांना ह्यातच इंटरेस्ट असतो मला माहीत आहे. बाहेर गेलो तर वाळूवर मुडदुशी, हिवाळ्यात बांगड्याची थवी लागली तर बांगडे, खडकाच्या बाजूला गोबरा. पण मला स्वतःला खाडीतली तांबोशी सगळ्यात जास्त आवडते. ती पुलाच्या खांबाला, बुडालेल्या खडकाला, जुन्या बांधाच्या दगडांना धरून असते, बाहेर येते, घास घेते आणि त्याच क्षणी परत दगडात शिरते. जिवंत कोळंबी लावायची. कोळंबीच्या डोक्यात आरपार एक काळा ठिपका दिसतो, तो टाळून, वरच्या करवतीसारख्या शिंगाच्या मुळाशी गरी हलकेच घालायची, ठिपक्याला लागली की कोळंबी मेली, टाळली तर अर्धा तास पाय हलवत राहते. आणि होडी खांबाच्या वरच्या अंगाला नांगरायची, म्हणजे पाण्याबरोबर कोळंबी आपोआप खाली खांबाकडे जाते. तांबोशी लागली की पहिल्या दोन-तीन सेकंदांत काय ते ठरतं, दोरा सैल दिला तर ती दगडात जाऊन दोरा घासून तोडते, म्हणून ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, घट्टच ठेवायचा. शिंगाळा लागला तर पक्कड वापरा, पाठीवरचा आणि बाजूचे काटे विषारी असतात, हाताला लागला तर सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, ठणका त्याने कमी होतो, आणि काटा आत राहिला असेल तर डॉक्टरकडेच जा. छोटी तांबोशी, म्हणजे वितीपेक्षा थोडी मोठी असली तरी, मी परत सोडतो. खाडीत ती पिल्लंच असतात, मोठी होऊन बाहेर समुद्रात जातात तेव्हा ती विणतात.

नांगर नेहमी नाळेकडूनच टाकायचा. मागून कधीही नाही. मागे इंजिनाचं वजन असतं, ओढीच्या पाण्यात मागून बांधलेली होडी मागच्या बाजूने दबते, पाणी वरून आत यायला लागतं आणि एवढ्याशा होडीला भरायला वेळ लागत नाही. दोर खोलीच्या निदान तिप्पट सोडा, वारा असेल तर अजून. आणि हाताशी कोयता किंवा सुरी, दोर अडकला तर कापायचा, नांगर गेला तर जाऊ दे.

लाइफ जॅकेट अंगात घालायचं, फळीखाली ठेवायचं नाही. इंजिनाची लाल दोरी मनगटाला बांधायची, तुम्ही पडलात की इंजिन बंद पडतं, नाहीतर होडी एकटी पुढे निघून जाते किंवा गोल फिरून तुमच्याच अंगावर येते. पेट्रोलचे तीन भाग, एक जायला, एक यायला, एक हात न लावायला. वल्ही दोन. मोबाईल प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये गळ्यात, त्यात सागरी पोलिसांचा १०९३ आणि कोस्ट गार्डचा १५५४ सेव्ह केलेला. घरी सांगून जायचं की किती वाजेपर्यंत नाही आलो तर फोन करा. २००८ नंतर किनाऱ्यावर तपासणी कडक झाली आहे आणि ती असायलाच हवी, अतिरेकी आपल्याच एका मच्छीमार बोटीतून आले होते. म्हणून कागद आधी. मासेमारी नौकांची नोंदणी आणि परवाना मत्स्य विभागाकडे, हौसेच्या आणि बाकीच्या बोटींसाठी मेरीटाइम बोर्ड, होडी बांधायला देण्याआधीच दोन्हीकडे जाऊन तुमची कशात बसते ते विचारून या.

अजून एक, आणि हे मनापासून सांगतोय. आपण हौसेला जातो, त्या पाण्यावर पोट असलेली माणसं आपल्या आधी तिथे आहेत. जाळ्याचे बोये दिसले की लांबून वळसा घाला, दिसत नसले तर विचारा, जाळं इंजिनाच्या पंख्यात गेलं तर त्या माणसाचा आठवड्याचा धंदा गेला. मिळालेले मासे विकू नका, घरी खा, वाटा, उरतील एवढे पकडूच नका. कोणाचं इंजिन बंद पडलेलं दिसलं तर आपला गळ गुंडाळून आधी दोर द्या. मला आजपर्यंत ह्या खाडीत कोणी परकं धरलं नाही, त्याचं कारण एवढंच आहे असं मला वाटतं.

जुनं इंजिन घेणाऱ्यांसाठी शेवटचं. होडी जुनी चालते, फायबर दुरुस्त होतं, पण इंजिन बघून घ्या. विकणारा चालू करून दाखवतो, तुम्ही जायच्या आधीच गरम करून ठेवलेलं असतं. तुम्ही थंड इंजिन मागा, पहिल्या दोन-तीन ओढींत लागतंय का बघा. मग खालच्या गिअरचा स्क्रू सैल करायला सांगा. तेल काळपट किंवा मधाच्या रंगाचं आलं तर ठीक, दुधाळ चहासारखं आलं तर आत पाणी जातंय, बहुतेक वेळा पंख्याच्या मागे गळाचा दोरा गुंडाळला जाऊन त्याने सील कापलेलं असतं. सील स्वस्त आहे, पण किती दिवस पाणी जात होतं आणि आतल्या गिअरचं काय झालंय ते बाहेरून कळत नाही. स्क्रू उघडू देत नसेल तर पैसे देऊ नका, दुसरं इंजिन बघा.