कारच्या एसीसाठी आधी वजनकाटा, मग गेज

कार एसीच्या कामाची हत्यारं घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा पहिला हात घालतो तो दाब मोजणाऱ्या गेज सेटला. निळं-लाल घड्याळ बोनेटला अडकवलं की काम निम्मं झाल्यासारखं वाटतं. पण आत गॅस किती आहे, हे गेज सांगत नाही.

एसी बंद आहे, गाडी थंड आहे आणि हवा ३५ अंशांवर आहे, अशा वेळी आर-१३४ए या एसीतल्या गॅसचा दाब ११४ पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास दिसतो. आत २०० ग्रॅम असो की ४०० ग्रॅम, थोडा गॅस द्रवरूपात आहे तोवर काटा तिथेच. एसी सुरू केल्यावरही कूलिंग कॉइलमध्ये किती गॅस सोडायचा ते ठरवणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह लो साइडचा (कमी दाबाच्या बाजूचा) दाब बऱ्यापैकी सांभाळून घेतो, त्यामुळे ५० ग्रॅम कमी-जास्त झालेले चटकन कळत नाहीत. लहान हॅचबॅकमध्ये सगळा गॅसच ३०० ते ४५० ग्रॅम. त्यात ५० ग्रॅमची चूक मोठी आहे. जास्त भरला तर हाय साइडचा (जास्त दाबाच्या बाजूचा) दाब चढतो, सिग्नलला कूलिंग पडतं आणि कॉम्प्रेसर उगाच राबतो.

म्हणून पैसे आधी ५ ग्रॅमपर्यंत अचूक वजन दाखवणाऱ्या डिजिटल काट्यावर घालावेत. लहान कॅनमधून भरत असाल तर स्वयंपाकघरातला काटाही चालतो. बोनेटखालच्या स्टिकरवर गॅसचं वजन लिहिलेलं असतं, तेवढंच भरायचं. एक गोम मात्र आहे: दीड मीटरच्या पाइपात द्रवरूप गॅस ३०-४० ग्रॅम सहज अडकून राहतो. काट्याच्या हिशेबात तो गेलेला, गाडीत मात्र पोचलेला नाही. शेवटी सिलिंडर बंद करून, हाय साइडचा कपलर (पाइप गाडीला जोडणारा जोड) बंदच ठेवून, चालू कॉम्प्रेसरला तो लो साइडने ओढू द्यावा. इंजिन चालू असताना हाय साइड कधीच उघडायची नाही. उलटा दाब कॅनमध्ये शिरून कॅन फुटतो.

दुसरा खर्च व्हॅक्युम पंपाचा, म्हणजे गॅस भरण्याआधी आतली हवा आणि ओलावा खेचून काढणाऱ्या पंपाचा. जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरने व्हॅक्युम मारण्याचा जुगाड अजून चालतो. त्याने हवा निघते, ओलावा पुरेसा निघत नाही. टू-स्टेज, ३ सीएफएमचा (मिनिटाला ३ घनफूट हवा ओढणारा) पंप कारला भरपूर झाला. याहून मोठा घेऊन फायदा नाही, कारण अडथळा बारीक पाइपाचा आणि पोर्टमधल्या (गॅस भरायच्या तोंडातल्या) व्हॉल्व्हच्या पिनचा असतो. पंपाचं तेल दुधाळ दिसलं की लगेच बदलावं. पावसाळ्यात हे फार लवकर होतं.

व्हॅक्युम नीट झाला का, हे निळ्या गेजवर ठरवू नका. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, तिथे पंप कितीही चांगला असला तरी काटा २८ इंचांच्या (पाऱ्याच्या) आसपासच थांबणार, कारण उंचीवर हवेचाच दाब कमी असतो. ३० येत नाही म्हणून लीक शोधत बसणारे कमी नाहीत. मायक्रॉन गेज (अगदी कमी दाब मोजणारं गेज; आकडा जितका कमी, तितका व्हॅक्युम चांगला) घ्या आणि तो पंपाला नव्हे, गाडीच्या बाजूला लावा. ५०० मायक्रॉनच्या खाली नेऊन व्हॉल्व्ह बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. आकडा थोडा चढून स्थिरावला तर आत ओलावा आहे, पंप पुन्हा लावा. चढतच राहिला तर लीक. तरी आधी स्वतःचेच कपलर तपासा. झिजलेली रबरी रिंग व्हॅक्युममध्ये हवा ओढते आणि दोष गाडीवर जातो. गॅस सोडण्याआधी मायक्रॉन गेजचा व्हॉल्व्ह बंद करायला विसरू नका.

लीक शोधायला रेग्युलेटरसह कोरडा नायट्रोजन, १५० पीएसआयपर्यंत, आणि साबणाचं पाणी. बाहेरचे जोड त्यात सापडतात. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलला साबण लावता येत नाही, तिथे इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर लागतो आणि त्यासाठी आत थोडा आर-१३४ए असावा लागतो. हवेचा कॉम्प्रेसर वापरला तर पाण्याची वाफ आत जाते. ऑक्सिजन तर नकोच. तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो.

पिन काढायचं छोटं हत्यार स्वस्त आहे, ते पहिल्याच खरेदीत घ्या. पुष्कळ 'लीक' पिनपाशीच असतात.

कॉम्प्रेसरमध्ये घालायच्या तेलाची बाटली लहानच घ्यावी. साध्या गाड्यांच्या एसीत वापरलं जाणारं पॅग तेल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे उघडी राहिलेली बाटली पुढच्या कामाला वापरू नये. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांच्या हाय-व्होल्टेज कॉम्प्रेसरला बहुधा पीओई हे वेगळ्या प्रकारचं तेल लागतं. त्यात पॅग मिसळलं तर इन्सुलेशन फॉल्ट येऊ शकतो, म्हणून अशा गाड्यांसाठी पाइपांचा संच वेगळाच ठेवावा.