बावीस खोल्यांच्या चौदा झाल्या

शंभरहून अधिक वर्षांच्या, एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या दोन इमारतींचे बुटीक हॉटेल करण्याच्या कामात भागीदार या नात्याने मी पहिल्या मोजमापापासून शेवटच्या परवान्यापर्यंत गुंतलेलो होतो. पहिल्या आराखड्यात बावीस खोल्या होत्या. प्रत्यक्षात चौदा झाल्या. उरलेल्या आठ कशा गेल्या, हे असे काम हाती घेणाऱ्यांना आधीच कळावे, म्हणून हे लिहीत आहे.

मूळ चूक अशी की, कर्जाच्या प्रस्तावासाठी खोल्यांचा आकडा आम्ही मोजमापे पूर्ण होण्याआधीच ठरवून टाकला होता. मोजणी झाली तेव्हा दोन्ही इमारतींच्या मजल्यांच्या पातळीत 40 सेंटीमीटरचा फरक निघाला. चाकाच्या खुर्चीसाठी उतार 1:12 पेक्षा तीव्र ठेवायचा नाही, हे धरले की तेवढ्या फरकाला 4.8 मीटर लांबीचा रॅम्प लागतो, आणि प्रत्येक मजल्यावर त्यासाठी एक खोली द्यावी लागली.

खरी कसोटी न्हाणीघरांनी पाहिली. मूळ इमारतीत मजल्यावर एकच न्हाणीघर, आणि आता प्रत्येक खोलीला स्वतंत्र हवे. मैलापाण्याच्या 100 मिलिमीटरच्या नळाला आम्ही 1:40 उतार धरला होता. म्हणजे नळ 6 मीटर आडवा न्यायचा तर तो 15 सेंटीमीटर खाली उतरतो, आणि तेवढ्यात वाटेत तुळई येते. तुळईला खाच पाडणे म्हणजे तिची ताकदच काढून घेणे. शेवटी उभ्या नळांसाठी दोनच जागा ठरवल्या, सर्व न्हाणीघरे त्यांना लागून एकावर एक घेतली आणि जिथवर नळ पोहोचत नव्हता त्या खोल्या शेजारच्या खोल्यांना जोडल्या. वारसा समितीच्या आग्रहावरून न्हाणीघरांच्या भिंती हलक्या ठेवल्या आणि छतापर्यंत नेल्या नाहीत, त्यामुळे छताची लाकडी नक्षी आजही खोलीभर अखंड दिसते. वारसा वास्तूंच्या जतनाविषयीच्या 1964 च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत जुन्या वास्तूचा समाजोपयोगी वापर इष्ट मानला आहे, पण त्यापायी तिची मांडणी आणि सजावट बदलू नये, असेही म्हटले आहे. समितीची ही अट सुरुवातीला मला जाचक वाटली होती. आता ती नसती तर आम्ही काय घालवून बसलो असतो, हे दिसते.

तळमजल्याच्या भिंतींना पूर्वी कोणीतरी सिमेंटचा गिलावा केला होता. चुन्यात बांधलेली भिंत ओल शोषते आणि बाहेर टाकते. सिमेंटने तिची वाट अडवली की ओल आतच चढत राहते. गिलावा उतरवल्यावर विटांवर क्षारांचा पांढरा थर दिसला. सुताराने भिंतीत शिरलेल्या एका तुळईच्या टोकाला टोच्या लावला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेरून मात्र ती तुळई धडधाकट दिसत होती. त्यानंतर प्रत्येक टोक उघडून पाहिले. कुजलेला भाग कापून त्याच जातीचे लाकूड सांधले आणि नवा तुकडा ओळखू यावा म्हणून त्यावर वर्ष कोरले.

अग्निशमनाच्या परवानगीत लाकडी मजल्यांवरून बराच वाद झाला. जाड लाकूड बाहेरून कोळसा होत मिनिटाला साधारण 0.5 ते 0.8 मिलिमीटर या वेगाने जळते आणि आतला गाभा भार पेलत राहतो, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने गणिताने दाखवल्यावर तुळया उघड्या ठेवता आल्या. दुसरा जिना मात्र अटळ होता. तो मागील बाजूच्या अलीकडच्या वाढीव बांधकामाच्या जागी केला. सजावट, पडदे, फर्निचर यांत विशेष अडचण आली नाही.

वाळण्याचा काळ मात्र आम्ही वेळापत्रकात धरलाच नव्हता. भिंत महिन्याला सुमारे 25 मिलिमीटर वाळते असा ठोकताळा आहे. 60 सेंटीमीटरची भिंत दोन्ही बाजूंनी वाळली तरी वर्ष लागते. बँकेचे हप्ते सुरू झालेले असताना गवंडी चुन्याचा शेवटचा हात द्यायला तयार नव्हता, आणि त्याचेच बरोबर होते. चौदापैकी तेरा खोल्या सुरू झाल्या आहेत. तळमजल्याच्या कोपऱ्यातली खोली अजून बंद आहे. दर आठवड्याला मी तिथली ओल मोजतो आणि खिडक्या उघड्या ठेवून येतो.