काचेवरची नखं

कामावरून परत येऊन दार उघडलं की दिव्याच्या बटणाकडे हात जायच्या आत कानावर आवाज यायचा. खर्र, खर्र, खर्र. भैरू काचेला पोट लावून मागच्या दोन पायांवर उभा असायचा आणि पुढचे दोन्ही पंजे वरखाली चाललेले. डावीकडच्या कोपऱ्यातून उजवीकडे, तिथून परत डावीकडे. नसलेल्या भिंतीवर चढायचा त्याचा तो खटाटोप पाहवत नसे. तिसऱ्या आठवड्यात नाकाच्या शेंड्यावरचे खवले घासून गुलाबी झालेले दिसले, त्या रात्री मला झोप लागली नाही.

भैरू म्हणजे बियर्डेड ड्रॅगन, दाढीवाला सरडा. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखातला. शेपटीसकट जेमतेम दीड फूट, गळ्याखाली काट्यांची झालर. राग आला किंवा भीती वाटली की ती झालर फुगते आणि काळी पडते, म्हणून दाढीवाला. ऑस्ट्रेलियातून जिवंत वन्यप्राणी व्यापारासाठी बाहेर न्यायला बंदी आहे, त्यामुळे जगभर घरोघरी असलेले हे सरडे माणसाच्याच हाताखाली पिढ्यान्‌पिढ्या जन्मलेले. ऑफिसमधली एक मैत्रीण दुसऱ्या देशात निघाली, तिला त्याला नेता येईना, म्हणून काचेच्या पेटीसकट तो माझ्याकडे आला. परदेशात एकटीच्या घरात कुणीतरी हलतं-बोलतं असावं, एवढाच माझा विचार होता.

आधी वाटलं, त्याला बाहेर यायचंय. मग रोज बाहेर काढायचे. सोफ्यावर तो दगडासारखा बसून राही, अंग गार पडलं की डोळे मिटी, आणि पेटीत ठेवला की पुन्हा खर्र खर्र. मग वाटलं, थंडी वाजत असेल. बाहेर बर्फ, मी स्वतः दोन स्वेटर घातलेले. म्हणून जास्त वॅटचा दिवा आणून लावला. त्या दिवसापासून त्याची धावपळ दुप्पट झाली, आणि तरीही कारण माझ्या लक्षात यायला चार दिवस गेले.

पेटीच्या आत चिकटवलेला गोल थर्मामीटर ३० अंश दाखवत होता, आणि मी त्याच्यावर विसंबले होते. तो काचेजवळच्या हवेचं तापमान सांगतो. सरडा ज्या दगडावर पोट टेकून बसतो त्याचं नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर आणून दगडावर रोखला तर आकडा ५१. दुसऱ्या टोकाला, जिथे गारवा हवा, तिथे ३४. पेटी ९० सेंटिमीटर लांबीची, त्यात एवढा मोठा दिवा. पळून जायला गार कोपरा उरलाच नव्हता.

सरड्याच्या अंगात आपल्यासारखी स्वतःची ऊब नसते. तो ऊब जागेवरून घेतो. सकाळी तापलेल्या दगडावर जायचं, अंग पुरेसं तापलं की सावलीत सरकायचं, परत यायचं. दिवसभर त्याचं हेच काम. म्हणून पेटीत एक तापमान असून भागत नाही, तापमानाचा उतार लागतो. बियर्डेड ड्रॅगनला बसायच्या जागेवर साधारण ३८ ते ४२ अंश, गार टोकाला २४ ते २६, रात्री त्याहून कमी. हा उतार नसेल तर तो शोधत फिरणार, आणि शोधताना काच आडवी येणार. काच म्हणजे काय हे त्याला कळायचा मार्गच नाही. पलीकडचं दिसतंय म्हणजे जाता येईल, एवढंच त्याचे डोळे त्याला सांगतात.

दिवा बदलला, तापमान ठरलेल्या आकड्यावर राखणारा थर्मोस्टॅट जोडला, सकाळची धावपळ थांबली. संध्याकाळची मात्र तशीच. यावर मी बरेच दिवस डोकं घातलं, कारण संध्याकाळीच काय वेगळं घडतं हे ध्यानात येईना. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी खुर्ची घेऊन समोर बसले. इथे हिवाळ्यात दुपारी चारला अंधारून येतं. खोली काळोखी झाली, पेटीतला दिवा जळतच होता, आणि बघता बघता काचेचा आरसा झाला. भैरूने मान वरखाली डोलावली, दाढी काळी केली, आणि समोरच्या सरड्यावर चालून गेला. समोरचाही चालून आला. रोज मी घरी येईपर्यंत, दोन-अडीच तास, तो आपल्याच प्रतिबिंबाशी भांडत होता. हे सरडे एकेकटे राहणारे. दुसरा सरडा नजरेसमोरून हलतच नाही, हा त्यांच्यासाठी सततचा ताण.

पेटीच्या तीन बाजूंना बाहेरून मातकट रंगाचा जाड कागद लावला. दिव्यांना टायमर जोडला. खोलीतला दिवा साडेतीनलाच आपोआप लागेल अशी सोय केली, म्हणजे आत-बाहेर उजेड सारखा राहतो आणि प्रतिबिंब पडत नाही. पेटी जमिनीवर होती ती उचलून टेबलावर ठेवली. सरड्याच्या डोक्यावर मधोमध एक फिकट ठिपका असतो, त्याला तिसरा डोळा म्हणतात. त्याने चित्र दिसत नाही, पण उजेड-सावलीतला फरक कळतो. वरून आलेला हात म्हणजे त्याच्या लेखी झडप घालणारा पक्षी. आता हात नेहमी बाजूने, त्याला दिसेल असा नेते.

पुढे १२० सेंटिमीटर लांब आणि ६० रुंद पेटी घेतली, फांद्या टाकल्या, लपायला गुहा केली. यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांची, नळीही नवी लावली. ती नळी डोळ्यांना लख्ख दिसत राहते, पण तिच्यातली अतिनील किरणं ती विझायच्या आधीच ओसरतात, म्हणून वर्षाच्या आत बदलावी लागते. खिडकीच्या उन्हाने ती उणीव भरत नाही. काच ती किरणं जवळजवळ सगळी अडवते आणि पेटी मात्र भट्टीसारखी तापवते.

चार महिने शांततेत गेले. मग एका आठवड्यात सगळं परत सुरू झालं. या वेळी काचेपेक्षा कोपऱ्यातली फरशी जास्त खरवडली जात होती. खाणं जवळपास बंद. तापमान तपासलं, बरोबर होतं. कागद जागेवर होता. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं तर ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “अगं, हा जागा शोधतोय. व्यायला झालेली मांजर अशीच करते.”

“आई, तो नर आहे.”

“कुणी सांगितलं?”

खरंच, कुणी सांगितलं होतं? मैत्रिणीने तसं धरलं होतं आणि मीही. दुसऱ्या दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. जंतांसाठी शी तपासली, कारण जंतांमुळेही असे सरडे बेचैन होतात. त्यात काही निघालं नाही. एक्स-रेमध्ये मात्र पोटभर अंडी. नराशिवायही मादी अंडी घालते, कोंबडीसारखीच, फक्त त्यातून पिल्लं होत नाहीत. पण घालायला मनाजोगी जागा मिळाली नाही तर ती अंडी धरून ठेवते, आणि अडकली तर जीव जाऊ शकतो. डॉक्टर म्हणाले, आज घरी गेल्यावर पहिलं काम, खणायची पेटी.

खोल प्लास्टिकचा डबा घेतला, त्यात माती आणि वाळू मिसळून वीतभर उंचीपर्यंत भरली, बोगदा केला तर ढासळणार नाही इतपत ओलसर. भैरवीला, आता तेच नाव, त्यात ठेवलं, वरून कापड घातलं आणि मी खोलीबाहेर गेले. हे फार महत्त्वाचं, कुणी बघत असेल तर ती खणत नाही. तासाभराने दाराच्या फटीतून पाहिलं तर फक्त शेपटीचं टोक वर होतं.

रात्री उशिरा ती वर आली, खड्डा परत मातीने बुजवला आणि नाकाने माती दाबून दाबून सपाट केली. पोट खपाटीला गेलेलं, डोळे खोल. कोमट पाण्यात बसवलं, कॅल्शियमची पूड लावलेल्या अळ्या समोर ठेवल्या, आणि मगच माती उकरून मोजलं. एकवीस.

पहाट झाली तरी थांबवेना, तसाच आईला फोन लावला. अंड्यांचा आकडा सांगायला तोंड उघडलं, तोवर तिचा प्रश्न आला, “तिने खाल्लं का काही?”

पाच अळ्या खाल्ल्या होत्या.