मंदी आणि छोटा हत्ती
पुण्याजवळच्या भोसरीत, कारखान्यांच्या भागात राहिलं की ट्रकची मंदी चहाच्या टपरीवरच कळते. २०१९ ला तेच झालं, आदल्या वर्षी सरकारने एक्सल लोड, म्हणजे ट्रकच्या एक्सलवर किती वजन चालेल ती मर्यादा, वाढवली, म्हणजे जुन्याच गाडीत जास्त माल बसायला लागला, त्यात फायनान्स मिळेना, मग नवा ट्रक घेणार कोण? कंपन्यांनी ब्लॉक क्लोजर घेतले, म्हणजे काही दिवस कारखानाच बंद ठेवला, आणि सगळ्यात आधी घरी बसली ती कंत्राटी पोरं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणूनच टाटा मोटर्सचं २००१ चं उदाहरण मला खरंच भारी वाटतं. ५०० कोटींचा तोटा झालेला, तरी नुसता खर्च कापून थांबले नाहीत, मोठे ट्रक मंदीत आपटतात म्हणून छोट्या गाडीवर काम सुरू केलं आणि २००५ ला 'एस' (Ace) ही छोटी मालगाडी आणली. आपला छोटा हत्ती! भाजीवाल्यापासून मंडपवाल्यापर्यंत सगळ्यांनी घेतला.