कोंगोतले तीन मिलिमीटर

प्लास्टिकच्या कारखान्यात क्वालिटीचं काम करणाऱ्या बाईला एका वाडग्याचं काय अप्रूप असणार? वजन बरोबर, भिंतीची जाडी बरोबर, कडेला फ्लॅश (साच्याच्या फटीतून बाहेर आलेलं जादा प्लास्टिक) नाही, रंग एकसारखा, की लॉट पास. नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत मी आठ वर्षं हेच केलं आणि नायजेरियात इबादानला आल्यावरही तेच करत होते. म्हणून आमचा सेल्समन सकाळी सकाळी तोंड पाडून माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "मॅडम, बाजारानं आपला माल बंद केलाय. आणि वाडगा ज्यानं पास केला, त्याला इयालोजानं बोलावलंय," तेव्हा मला आधी हसूच आलं.

योरुबा या इथल्या भाषेत इया म्हणजे आई आणि ओजा म्हणजे बाजार. इयालोजा ही बाजाराची आई. एवढं मला ठाऊक होतं. उद्घाटनाला पुढच्या खुर्चीत बसवतात, फीत कापायला कात्री देतात, तशी कुणी मानाची बाई असेल, असा माझा समज होता.

तो वाडगा म्हणजे कोंगो. इबादानच्या बाजारात तांदूळ, चवळी, गारी (कसाव्याच्या कंदाचा भाजलेला रवा) तराजूवर जोखून मिळत नाही, मापानं मिळते आणि ते माप म्हणजे हा प्लास्टिकचा वाडगा. साधारण दीड किलो तांदूळ बसतो. भाव किलोचा नसतो, कोंगोचा असतो. माझ्या आजीकडे शेर, मापटं, पायली होती. ती शीग लावून ज्वारी द्यायची आणि वर "असू दे गं" म्हणत आणखी एक मूठ टाकायची. इथेही तसंच. त्या वरच्या मुठीला इथे एनी म्हणतात, आणि ती न घालणाऱ्या बाईकडे गिऱ्हाईक परत येत नाही.

आमच्याकडून झालं होतं ते असं. 2023च्या जूनमध्ये सरकारनं नायराचा, म्हणजे इथल्या चलनाचा, दर मोकळा सोडला आणि नायरा कोसळला. आयात केलेले प्लास्टिकचे दाणे आवाक्याबाहेर गेले. तेव्हा वाडग्याच्या भिंती थोड्या पातळ करायच्या ठरल्या. पातळ भिंतीचा वाडगा लेचापेचा होऊ नये म्हणून साच्यात तळाचा तुकडा बदलला आणि तळ आतून तीन मिलिमीटर वर उचलला. बाहेरून उंची तीच, काठ तोच, रंग तोच. नमुना माझ्याकडे आला. मी वजन केलं, कॅलिपर लावला, वरून पाडून पाहिला, सही केली. त्यात तांदूळ कुणीच ओतून पाहिला नाही.

साहेब म्हणाले, "तूच जा. बायकांचं बायकांत मिटेल. जाताना दोन कार्टन बादल्या ने." आमचे अकाउंटंट अबेओकुटाचे. एरवी चष्म्यावरूनसुद्धा बघत नाहीत, पण तेव्हा मान वर केली. म्हणाले, "आमच्या गावच्या बाजारातल्या बायकांनी करावरून असं रान उठवलं होतं, की 1949 साली खुद्द आलाकेला, आमच्या राजाला, गादी सोडून गावाबाहेर जावं लागलं." आणि पुन्हा आकडेमोडीला लागले. राजा पुढच्या वर्षी परतला, हे त्यांनी मला नंतर जेवताना सांगितलं. पण तेव्हा कर मात्र गेला, असंही म्हणाले.

वाटेत चॅलेंजचा चौक लागतो. भोवती मायक्रा टॅक्सींचा गराडा (इबादानची टॅक्सी म्हणजे निसानची जुनी मायक्रा, तिच्यात किती माणसं मावतात याला माप नाही) आणि मधे एका बाईचा पुतळा. दोन वर्षं मी तो रोज पाहत होते. कुणी देवी असेल असं समजून कधी विचारलंही नव्हतं. त्या दिवशी सेल्समननं सांगितलं, ही एफुन्शेतान अनिवुरा, इबादानची इयालोदे.

ओदे म्हणजे बाहेर. इयालोदे ही बाहेरची आई, घराच्या उंबऱ्यापलीकडे जे चालतं त्याची. एफुन्शेतान एकोणिसाव्या शतकातली. तंबाखू, बंदुका, दारूगोळा आणि गुलाम यांचा व्यापार, स्वतःची शेतं, आणि शेतांवर राबणारे गुलाम शेकड्यांनी. इबादान हे लढवय्यांचं शहर. ते मोहिमेवर निघायचे ते हिच्याकडून उधारीवर शस्त्रं उचलून. तिची एकुलती एक मुलगी बाळंतपणात गेली. पुढे उधारीवरून आणि लढायांवरून शहराचा सरदार लातोसा याच्याशी तिचं बिनसलं. 1874 साली त्यानं तिचं पद काढून घेतलं आणि घरातलीच माणसं फोडून तिला मारवलं. मागे राहिल्या त्या तिच्या क्रूरपणाच्या गोष्टी. "क्रूर होतीच," सेल्समन म्हणाला, "पण लातोसा काय संत होता?" गुलामांना राबवणाऱ्या बाईचं मला कौतुक करायचं नाही. पण ज्यांच्याकडे तिची उधारी थकली होती, त्यांच्याच बाजूनं तिची गोष्ट सांगितली गेली, हे मनात राहिलं.

या शहराची रीतही त्यानं गाडीतच समजावली. इबादानला राजघराणं नाही. ओलुबादान हा इथला राजा, पण तो गादीवर जन्मत नाही. सरदारांच्या दोन रांगा आहेत, एक मुलकी आणि एक लष्करी. माणूस तळाच्या पायरीवर चढतो, वरचा गेला की एक पायरी पुढे सरकतो, आणि शेवटच्या पायरीवर पोचेपर्यंत बहुतेक म्हातारा झालेला असतो. इयालोदेची पदवीही इथे आईकडून लेकीकडे जात नाही. तिच्या हाताखाली ओतुन म्हणजे उजवी, ओसि म्हणजे डावी, अशा बायकांच्या पायऱ्या आहेत. आज जिच्यापुढे जायचं होतं, ती इयालोजा होतीच, शिवाय या पायऱ्यांपैकी एकीवर होती. या पायऱ्या ओलुबादानच्या गादीपर्यंत जात नाहीत, एवढं मात्र खरं. बायकांची रांग वेगळी आणि ती इयालोदेपाशी संपते.

"मग तिचा नवरा कोण?" मी विचारलं. खरंच विचारलं. आमच्याकडे पाटलाची बायको पाटलीण, देशमुखाची देशमुखीण. आता बाई स्वतः सरपंच झाली तरी ग्रामपंचायतीच्या खुर्चीत नवरा जाऊन बसतो, त्याला लोक सरपंचपती म्हणतात. सेल्समनला माझा प्रश्नच कळला नाही. "नवरा? होता. लाकडाचा धंदा होता बहुतेक."

बाजाराच्या आत, तांदळाच्या गल्लीच्या टोकाला एक पत्र्याची खोली. भिंतीवर पदवी मिळाली त्या दिवसाचा फोटो. डोक्याला बांधलेला 'गेले' नावाचा भला थोरला फेटा, अंगावर आसो-ओके हे हातमागाचं भारी कापड, गळ्यात पोवळ्यांचे सर आणि फेट्याच्या घडीत खोचलेली अकोको झाडाची हिरवी पानं. ती पानं डोक्यावर चढली की पदवी पक्की, असा इथला रिवाज. फोटोखाली ठळक अक्षरांत 'चीफ मिसेस'. यातलं चीफ तिचं स्वतःचं. मिसेस मागाहून इंग्रजीबरोबर आलं असणार.

प्रत्यक्षातली बाई फोटोपेक्षा पुष्कळ साधी. साधा आंकारा, म्हणजे छापील सुती कापड, नाकावर घसरलेला चष्मा, पुढ्यात दोन मोबाइल आणि भिशीची वही. भिशी मी म्हणते, इथे एसुसु म्हणतात. दर आठवड्याला ठरलेली रक्कम, पाळीपाळीनं एकेकीला सगळी उचल. वही पाहून मला क्षणभर आमच्या सोसायटीतल्या काकू आठवल्या. तेवढ्यात इस्त्रीची पँट घातलेला माझा सेल्समन फरशीवर सपशेल पालथा पडला. पुरुषांनी तसाच नमस्कार करायचा, बायकांनी गुडघे टेकायचे. मी टेकले. "ए कु ओजा, मा," एवढंच पाठ करून आले होते.

आधी पाणी आलं. मग तिनं कार्टनांकडे बोट दाखवून योरुबात काहीतरी विचारलं आणि खोलीतल्या दहाबारा जणी खो खो हसल्या. सेल्समननं खाली बघत भाषांतर केलं. "विचारतायत, यात काय लहान केलंय?" कार्टन तिथेच दाराबाहेर गेले.

मग तिनं घमेलंभर तांदूळ मागवला. एक जुना कोंगो, एक आमचा नवा. जुना भरला, काठावरून लाकडी पट्टी फिरवून सपाट केला आणि सावकाश नव्यात ओतला. नवा भरून तांदूळ बाहेर सांडायला लागला. तिनं खालच्या ताटात सांडलेले दाणे एका मुठीत गोळा केले, माझा हात धरला आणि माझ्या तळव्यावर ठेवले. या वेळी इंग्रजीतच विचारलं, "हे कुणाचे?"

मूठही नीट भरत नव्हती. पण गिऱ्हाइकं घरी जाऊन डब्यात ओतत होती आणि डबा भरत नव्हता. बायका भांडायला परत येत होत्या. एका म्हातारीला कुणीतरी भर बाजारात चोर म्हटलं होतं. तीस वर्षं एका जागी बसून तांदूळ विकणारी बाई. ती तिथेच कोपऱ्यात बसली होती, माझ्याकडे बघत नव्हती.

गाडीत मी उत्तर तयार केलं होतं. टॉलरन्स, डिझाइन, 'हे भांडं आम्ही माप म्हणून विकत नाही' वगैरे. कागदावर ते खरंही होतं. तळहातावर तांदूळ घेऊन ते बोलवेना. मी म्हणाले, "पास मी केला. वजन पाहिलं. आत किती मावतं ते पाहिलं नाही."

"तू घरी भात लावतेस तेव्हा तांदूळ ग्रॅमनं घेतेस?"

"वाटीनं."

"मुलं किती?"

"एक मुलगी. सई."

"हं. इया सई," ती म्हणाली आणि वहीत काहीतरी लिहिलं. त्यानंतर ती मला मॅडम म्हणाली नाही. बंड्याची आई, पिंकीची आई म्हणतात तसंच.

मला वाटलं, संपलं. पण ती वळली आपल्याच बायकांकडे. आवाज न चढवता एकच प्रश्न विचारला आणि खोली चिडीचूप झाली. पोत्यामागे एक कोंगो जास्त निघतोय, हे कुणाला आधीच कळलं होतं? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग दोघी पुढे येऊन गुडघ्यांवर बसल्या. एकीला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. गप्प बसून तिनं असे आणखी सहा वाडगे घेतले होते. दोघींची दुकानं तीन दिवस बंद, आणि त्या म्हातारीची माफी सगळ्या गल्लीसमोर, जिथे तिला चोर म्हटलं तिथेच.

आम्हाला दंड नाही. एकूण एक वाडगा परत घ्यायचा, बदल्यात जुन्या मापाचा द्यायचा आणि परत घेताना मोजायला मी स्वतः यायचं. शिवाय यापुढे प्रत्येक लॉटमधले पहिले दहा आधी तिच्याकडे. कागद झाला नाही, सही झाली नाही. तिचा शब्द गल्लीतून आमच्या आधी बाहेर पोचला होता. आम्ही निघालो तेव्हा फाटकावरचा हमाल मला "इया सई" म्हणाला.

बाजारात सगळं गोड आहे असं नाही. डोक्यावर पोती वाहणाऱ्या पोरी त्या खोलीत कधी बसत नाहीत. निवडणुका आल्या की पुढाऱ्यांच्या गाड्या याच दाराशी लागतात, आणि कार्टन परत करणारी बाई तेव्हा काय करते ते मी पाहिलेलं नाही.

साहेबांना साच्याचा तुकडा बदलायला लावणं हे बाजारापेक्षा अवघड गेलं. आठवडा लागला. वाडगे मोजायला मी चार दिवस तांदळाच्या गल्लीत स्टुलावर बसले होते. ती म्हातारी समोरच बसायची. तिसऱ्या दिवशी तिनं न विचारता माझ्यापुढे भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी ठेवली.

आता आमच्या तपासणीच्या तक्त्यात वजन, जाडी, फ्लॅश याखाली एक ओळ वाढली आहे: तांदूळ. दर लॉटला दहा वाडगे, घमेलं आणि लाकडी पट्टी. मागच्या महिन्यात ऑडिटला आलेल्या माणसानं विचारलं, ही चाचणी कोणत्या मानकानुसार? सेल्समन माझ्याकडे बघायला लागला. मी इयालोजाचा नंबर दिला.

चाचणीचा तांदूळ शुक्रवारी कॅन्टीनमध्ये जातो. जोलोफ, म्हणजे इथला टोमॅटोभात, होतो त्याचा, तिखट जाळ.