लागली की लावली?

गेल्या वर्षी मला गोव्यात सरकारी नोकरी लागली. एलडीसी, म्हणजे कारकून. लेव्हल 2, मूळ पगार 19,900. आमच्या गावात "लागली" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "लावली कोणी?" आपोआप लागणारी नोकरी तिथे अजून कोणी पाहिलेली नाही.

माझे आजोबा 1964 साली प्राथमिक शिक्षक झाले. गोवा मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या सरकारने गावोगाव मराठी शाळा काढल्या होत्या, शिकवायला माणसं मिळत नव्हती आणि आजोबा सातवी पास होते. म्हणजे गरज सरकारलाच जास्त होती. तरी ते शेवटपर्यंत म्हणत, "मला नोकरी भाऊंनी दिली." भाऊ म्हणजे बांदोडकर. आजोबांनी त्यांना आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, तेही जत्रेत, लांबून.

माझी गोष्ट 2021 पासून सुरू होते. पुढच्या फेब्रुवारीत निवडणूक होती, त्यामुळे पावसाळा संपता संपता खात्यांच्या जाहिरातींचा पाऊस सुरू झाला. तेव्हा प्रत्येक खातं आपापली भरती करत असे. मी कागद गोळा केले : 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड, मार्कलिस्टांच्या झेरॉक्स. एका खात्याची लेखी परीक्षा दिली, पेपर चांगला गेला. घरी येऊन तसं सांगितल्यावर आई म्हणाली, "मग आता भाऊंकडे जाऊन येऊ."

हे भाऊ म्हणजे आमचे आमदार. मतदारसंघ सांगत नाही. गोव्यात मतदारसंघ 40, तिसऱ्या वाक्याला माणूस ओळखू येतो. पक्षही सांगत नाही, कारण आमच्याकडे ती काही माणसाची कायमची खूण नव्हे. 2019 च्या जुलैत काँग्रेसचे 10 आमदार एकदम भाजपमध्ये गेले, 2022 च्या सप्टेंबरात आणखी 8 गेले. पणजीत चर्चासत्रं झाली असतील. आमच्या गावच्या तिठ्यावर लोक एवढंच म्हणाले, "सत्तेत नसला तर कामं कशी करणार?" विरोधातल्या आमदाराच्या चिठ्ठीला किंमत नसते, हे मतदाराला आमदाराइतकंच पक्कं माहीत असतं. मंत्री मुख्यमंत्र्यांसकट 12 च होऊ शकतात, 2003 च्या घटनादुरुस्तीने तशी मर्यादा घातली आहे. उरलेल्यांसाठी महामंडळं असतात.

सकाळी साडेसातला आम्ही भाऊंच्या घरी पोचलो. बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांवर आमच्याआधी आलेली 20-25 माणसं. प्रत्येकाच्या मांडीवर कपड्यांच्या दुकानाची पिशवी आणि पिशवीत फाईल. कोणाला विजेचं कनेक्शन, कोणाला घर नंबर, एका म्हातारीचे दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे चार महिने बँकेत आले नव्हते. यातलं एकही काम आमदाराचं नाही. प्रत्येकाला खातं आहे, खात्यात टेबल आहे, टेबलामागे पगारी माणूस आहे. पण त्या टेबलाकडून "उद्या या" ऐकून ऐकूनच ती सगळी इथे आली होती. भाऊ फोन करणार, मग तोच टेबलवाला तेच काम तासाभरात करणार आणि म्हातारी पुढच्या जत्रेपर्यंत भाऊंना दुवा देणार. टेबलं वेळेवर चालली असती तर त्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या असत्या. वेळेत सेवा मिळण्याचा कायदा गोव्यात 2013 सालीच झाला आहे. त्या बलकांवात त्याचं नाव कोणी काढलं नाही, मीही नाही.

दाराशी पीए एक लांबोडकी वही घेऊन बसला होता. रकाने त्याने पट्टीने आखलेले : नाव, वाडा, काम. चौथ्या रकान्याला नाव नव्हतं. माझं लिहून झाल्यावर त्याने मान वर न करता विचारलं, "घरांत मतां कितलीं?"

"पाच," आई म्हणाली. आजोबा, बाबा, ती, मी आणि बहीण. चौथ्या रकान्यात 5 पडला.

तेव्हा मला राग आला होता. पण एका मतदारसंघात 25-30 हजार मतदार. त्या निवडणुकीत खुद्द मुख्यमंत्री प्रमोद सावंत साखळीतून 666 मतांनी आले, सांत आंद्रेचा निकाल 76 मतांवर लागला. 76 मतं म्हणजे आमच्यासारखी 15 घरं. ती वही उगाच आखलेली नव्हती.

भाऊ प्रेमाने बोलले. आजोबांची चौकशी केली, आईला चहा घ्यायला लावला. लेटरहेडवर दोन ओळी : उमेदवार माझ्या मतदारसंघातील असून गरजू आहे, योग्य तो विचार व्हावा. लायक आहे, असं कुठे लिहिलं नव्हतं. मी ते बोलून दाखवलं, तर आई रस्त्यात म्हणाली, "लायक सगळेच असतात."

त्याच आठवड्यात ओळखीतला एक माणूस घरी आला. बिस्किट चहात बुडवत म्हणाला, चिठ्ठीने काय होतं, दहा लाख बघा, निम्मे आधी, निम्मे ऑर्डर हातात आल्यावर. तो गेल्यावर आईने कपाट उघडून पाटल्या बाहेर काढल्या आणि बराच वेळ हातात धरून बसली. बाबा म्हणाले, "ठेव त्या आत." आमच्या घरात तत्त्वाचा म्हणावा असा निर्णय हाच एक, तोही निम्मा पैसे नसल्यामुळे. 2024 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात नोकरीच्या नावाने पैसे घेणाऱ्यांवर राज्यभर गुन्हे नोंदले जाऊ लागले, अटका झाल्या, तेव्हा बाबांनी पेपर वाचून घडी घातली आणि कोणालाच काही बोलून दाखवलं नाही.

निवड यादी आली, माझं नाव नव्हतं. 8 जानेवारी 2022 ला आचारसंहिता लागली आणि विषय तिथेच थांबला.

मला निदान मार्क बघायचे होते. माहितीच्या अधिकाराचा, म्हणजे आरटीआयचा, अर्ज केला. 10 रुपये फी, 30 दिवसांची मुदत. (केंद्राचा कायदा 2005 चा, गोव्याचा स्वतःचा त्याच्या आठ वर्षं आधीचा, 1997 चा. कायदे करण्यात आम्ही मागे नाही.) 30 दिवस गेले, काही नाही. पहिलं अपील केलं, तेव्हा माझे मार्क आले : 75 पैकी 58. निवड झालेल्यांचे मात्र त्रयस्थ व्यक्तीची माहिती म्हणून नाकारले. म्हणजे 58 कमी होते की जास्त, हे मला आजही ठाऊक नाही. चिठ्ठी चालली नाही, की दुसऱ्याची जास्त चालली, की खरंच पोरं माझ्यापेक्षा हुशार होती? यातलं काहीही असू शकतं आणि तेच मला सगळ्यात जास्त खुपतं.

अपिलाची सुनावणी व्हायच्या आधीच पीएचा फोन आला. "आरटीआय कित्याक घाली रे?" आवाजात धमकी नव्हती, कुतूहलच होतं. अर्ज खात्याला केला होता, तो भाऊंच्या घरी कसा कळला, हे मी विचारलं नाही. आईने मात्र आठवडाभर माझ्याशी धड बोलणं केलं नाही. पुढे कधी इस्पितळात खाट हवी झाली तर कोणत्या तोंडाने जायचं, हा तिचा प्रश्न होता आणि मला त्यावर उत्तर नव्हतं.

नंतरची दोन वर्षं खासगी नोकरीत गेली, वेर्णेला, बसने. आजोबा 2023 मध्ये गेले. खात्यांची भरती एकत्र करणाऱ्या कर्मचारी निवड आयोगाचा कायदा 2019 चा, पण आयोगाच्या जाहिराती दिसेपर्यंत बराच काळ लोटला. त्या दिसल्यावर मी पुन्हा अर्ज केला. परीक्षा संगणकावर. मुलाखत नाही. मी या वेळी कोणाकडे गेलो नाही; तत्त्व वगैरे काही नव्हतं, सुट्टी उरली नव्हती. यादीत नाव आलं. पोलीस पडताळणी, मेडिकल, ऑर्डर. सांगण्यासारखं काही घडलंच नाही. तीन ओळींत संपणारी ही हकीकत कोणाला सांगितली की तो थोडा थांबतो, डोळे बारीक करतो आणि म्हणतो, "ते खरं रे, पण लावली कोणी?"

ऑर्डर आल्याच्या तिसऱ्या दिवशी तिठ्यावर बॅनर लागला. गावातल्या आम्हा चौघांचे फोटो, वर चौघांच्या चौपट मोठे भाऊ, हात जोडलेले. माझा फोटो फेसबुकवरून उचललेला, बहिणीच्या लग्नातला, खांद्यावर कोणाचा तरी अर्धा हात.

आईने म्हापशाहून एक किलो पेढे आणले. "कशाला?" मी म्हटलं. "त्यांनी काही केलेलं नाही." ती म्हणाली, "केलं नसेल. पण आडवे तर आले नाहीत?" यावर मी बराच विचार केला. मग गाडी काढली.

त्याच निळ्या खुर्च्या. भाऊंनी एक पेढा मोडून अर्धा माझ्या तोंडात घातला. तो चघळत मी कसंबसं म्हटलं, की यंदा आयोगाची परीक्षा होती, तिच्यात नंबर आला. भाऊ मनापासून हसले. "अरे, पूण परीक्षा हाडली कोणें? आमीच मू?" (आणली कोणी? आम्हीच ना?)

बाहेर पीएने खालच्या कप्प्यातून जुनी वही काढली होती. पानं उलटत 2021 चं माझं नाव बरोबर शोधलं, शेजारी लाल पेनाने लिहिलं, "काम झाले", आणि बोट चौथ्या रकान्यावर नेलं.

"पाच मू?"

"आजोबा गेले," आई म्हणाली. "मुलगी लग्न होऊन सावंतवाडीला. तिचं मत तिकडे गेलं."

त्याने 5 खोडून 3 लिहिला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुझें लग्न केन्ना?"